खळीचं धोतर

साडीला खळ घालताना पेजेचा वास आला, की मला बाबांचं धोतर आठवतं.

बाबा जऊळक्यात मास्तर होते. निवृत्तीनंतर, १९७५ च्या सुमारास, त्यांना सगळ्याचा विसर पडत गेला. रोज सकाळची गाडी गेली, की ते खळीचं धोतर नेसून, टोपी घालून शाळेला निघत. आई दारात उभी राहायची. “आज आयतवार हाये. सुट्टी हाये शाळेले.” मग बाबा मुकाट्यानं टोपी काढून खुंटीला लावत.

एकदा तेवढ्यात शाळेची घंटा ऐकू आली. टोपी काढता काढता बाबा थांबले.

“मंग घंटा कायले वाजून राह्यली व?”

आईनं त्यांची टोपी नीट केली आणि हात धरून त्यांना शाळेच्या वाटेनं नेलं. मी, त्यांचं शेंडेफळ, उड्या मारत मागून निघाले. बाबा बरे झाले, असं वाटलं होतं मला.