होल्डवरचं फुलपाखरू

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एका नजरेत पास केलेली नाही. ते चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. शंका आली की मालावर पिवळा 'होल्ड'चा टॅग लावायचा, सही होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि खात्री पटलेला माल एक दिवसही अडवायचा नाही, हे नियम ते घरीही पाळतात. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरे पेढे वाटायला उठले, तेव्हा "मुलगा होल्डवर ठेवू" म्हणून साडूंनी पेढे परत डब्यात ठेवायला लावले होते. मी ते अजून विसरलेलो नाही.

रविवारी हा माणूस मारुंजीतल्या एका बांबूच्या बेटात फुलपाखरं बघत उकिडवा बसतो. मार्चमध्ये मीही सोबत गेलो होतो, तेव्हा तिथे त्यांना एक तपकिरी फुलपाखरू दिसलं. वाळक्या पानांवर पंख मिटून बसलेलं. उडेपर्यंत मला ते पानच वाटलं. "दुर्मीळ जात असावी," साडू कुजबुजले. "पण उन्हाळ्यात पंखांवरचे डोळे, म्हणजे ते गोल ठिपके, पुसट होतात. पावसाळ्यात ठसठशीत उमटले की मोजायचे, मगच बोलायचं."

तोवर बेट राहणार नव्हतं. मालकाने जमिनीचे प्लॉट पाडायला काढले होते. साडू विनवायला गेले. "खात्री हाय का तुमास्नी?" मालकाने विचारलं. मी साडूंना कोपराने ढोसलं, पण ते म्हणाले, "अजून नाही." परतताना मी रागाने हिंजवडी ओलांडेपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही, आणि हिंजवडी ओलांडायला दीड तास लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेटाला पिवळा टॅग बांधला. मी पोट धरून हसलो. पण आजूबाजूचं सगळं रान सपाट करून जेसीबी बेटापाशी थांबला. ड्रायव्हर पूर्वी चाकणलाच कामाला होता. "होल्डचा टॅग हाय, मालक. सायबाच्या सहीबिगर आपुन हात न्हाई लावनार," तो म्हणाला आणि मशीन बंद करून खाली उतरला.

"ऱ्हाऊ दे मंग," मालक वैतागून म्हणाला. "सही झाली की बेट काढू."

जुलैत साडूंनी डोळे मोजले, दोनदा. तीच जात होती. त्यांना रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. मग सवयीने त्यांनी टॅग हातात घेतला, पेन काढलं आणि बेटाकडे पाहिलं.

पेन परत खिशाला लावून म्हणाले, "चला, घरी जाऊ."

टॅग अजून तिथेच आहे. उन्हापावसाने अक्षरं उडाली की साडू जाऊन पुन्हा 'होल्ड' गिरवून येतात.