आज कोण परत गेलं?

“काका, मेल कुनाकडून आलता?”

“माझ्याकडून.”

“आन् कुनाला?”

“मला.”

आमचा मेल बघायला आलेल्या त्या इंजिनिअरनं हेल्मेट मांडीवर घेतलं, त्याच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली आणि हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. नुसतंच विचारलं, “खूण इचारली न्हाई?”

स्वतःला खूण कशी विचारायची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चौसाळ्याच्या पुढं, हायवेला लागून आमचा सीताफळाचा गर काढायचा कारखाना. मी तिथला ऑफिस मॅनेजर. म्हणजे ऑफिसात टेबल एक, त्याच्यामागं मी, आणि मॅनेज करायला काहीच नाही. त्या सकाळी ऑफिसच्या मेलवर एक मेल आला. ‘तुमची पेटी भरली आहे, संध्याकाळी बंद होईल, इथं दाबा आणि पासवर्ड टाका.’ वर पाठवणाऱ्याचं नाव आमचंच, पत्ता आमचाच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी म्हटलं, जगात कुणावर नाही तरी स्वतःवर माणसानं विश्वास ठेवावा. दाबलं. पासवर्ड टाकला. पासवर्ड बायकोचं नाव होतं. हे घरी कळल्यावर ती आधी खूश झाली आणि मग दोन दिवस बोलली नाही.

दुपारपर्यंत आमच्या नावानं पुण्या-हैदराबादच्या आइस्क्रीमवाल्यांना भलतेसलते मेल सुटले. पासवर्ड बदलला तरी सुटतच राहिले. गिऱ्हाइकांनी ठरवून टाकलं की आमच्याकडून आलेलं काहीच उघडायचं नाही. खोटंही नाही आणि खरंही नाही. ऐन हंगाम. डोंगरातून रोज सकाळी सीताफळाचे क्रेट उतरत होते आणि ऑर्डरी येणं थांबलं होतं. सीताफळ कुणासाठी थांबत नाही. आज डोळा उघडला की उद्या खा, परवा टाका. गर काढणाऱ्या बाया शेडमध्ये हात धुऊन बसलेल्या. असंच चाललं तर शेड दिवाळीआधीच बंद करायची, असं मालक सगळ्यांसमोर बोलून गेले. बाया माझ्याकडं बघत नव्हत्या. तेच जास्त लागत होतं.

म्हणून बीडहून त्याला बोलावलं. जिल्ह्यातल्या बारक्यासारक्या धंद्यांचे कॉम्प्युटर, मेल, वेबसाइट तो बघायचा. गेवराईचा जिनिंगवाला, तलवाड्याचा बियाणांचा दुकानदार, आम्ही. चाळिशीच्या आतला, उंच, जरासा वाकलेला. खुर्चीवर बसताना नेहमी दाराकडं तोंड करून बसायचा. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

“काका, पाकिटावर बाहेरून कुनाचं बी नाव लिवता येतं,” तो म्हणाला. “मेलचं तसंच हाय. आपलं नाव लिवायला चोराला आपला पासवर्ड लागत न्हाई. आपन इतकंच करायचं, आपलं टपाल कोन नेतं त्यांची नावं जगाला सांगून ठिवायची. टपालावर आपली मोहोर मारायची. आन् समोरच्याला सांगायचं की बाबा, ह्यातलं काहीच न्हाई असं कुनी आमच्या नावानं आलं, तर त्याला दारातूनच परत लाव.”

या तिन्हींची इंग्रजी नावं त्यानं सांगितली होती. ती मी त्याच दिवशी विसरलो.

मालक म्हणाले, “मग लाव की परत आत्ताच. कावून थांबतोस?”

“न्हाई मालक. आदी नुसतं बघायचं. मग संशयाचं बाजूला बसवायचं. मग परत.”

“आरं, इथं माल सडायलाय!”

“गिऱ्हाइकाला मी सोता फोन करतो. त्यांच्या माणसाशी बोलतो. मोहोर आजच मारतो. पर परत लावायचं आज न्हाई.”

आणि तो हलला नाही. फोन मात्र केले. दिवसभर, एकेका गिऱ्हाइकाला, नमस्कारापासून सुरुवात करून. दोघातिघांनी पुन्हा ऑर्डरी दिल्या. शेडच्या एका बाजूला काम सुरू झालं, दुसरी बाजू बसून राहिली. तो रोज सकाळी यायचा. दुनियाभरच्या सर्व्हरकडून आदल्या दिवसाचा अहवाल यायचा, आमच्या नावानं कुठून कुठून टपाल निघालं याचा. तो एकेक ओळ बघत बसायचा, गव्हातले खडे बघावे तसा.

चौथ्या की पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. मालक माझ्यावर ओरडायचे, मी कुणावर ओरडणार? मी त्याच्यावर ओरडलो. “इंजिनिअर साहेब, चोर दारात उभा आहे आणि तुम्ही त्याचं नाव-गाव लिहून घेताय. दार लावायची भीती वाटते का तुम्हाला?”

“वाटती,” तो म्हणाला.

मग स्क्रीनवरची नजर न काढता त्यानं सांगितलं. एवढंच एकदा. पुन्हा कधी नाही.

तो शिरूर कासारचा. दसरा झाला की माय-बाप टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि हा धाकट्या बहिणीला घेऊन चुलत्याकडं राहायचा. टोळीवरून कुणी ना कुणी गावाकडं येत-जात असतं. त्याच्या हाती निरोप यायचे. पण कुणाच्याही हाती पोर कसं द्यायचं? म्हणून मायनं जाताना खूण लावून दिली होती. शेळीला पाट, म्हणजे मादी करडू, झाली होती, तिचं नाव माय-लेकानं मिळून ठेवलं होतं, बापालाही माहीत नसलेलं. ‘माझ्याकडनं म्हनून कुनी बोलवाया आलं, तर आदी नाव इचार. सांगितलं तरच जा.’ दोन हंगाम ते बरोबर चाललं. माणूस यायचा, नाव सांगायचा, हा खाऊचा पुडा घ्यायचा.

तिसऱ्या हंगामात एक जीपवाला आला. “चल, मायनं बोलावलंय.”

“खूण काय सांगितली?”

“कशाची खूण बे? ती बोलायच्या हालतीत हाय का? चल लवकर.”

चुलता-चुलती रानात. हा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. जीपवाल्यानं समजावलं, शिव्या दिल्या, शेवटी तंबाखू थुंकून निघून गेला.

“मायनं सांगितल्यापरमान वागलो काका,” तो म्हणाला. “एक शब्द बी चुकलो न्हाई. मानूस खरा होता. मायला तापात नाव आठवलं नसंल, न्हाईतर कुनी तिला इचारलं नसंल. मी गेलो तवा सगळं झालं होतं.”

त्या करडाचं नाव त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चहा आला होता, तो दोघांनीही थंड करून प्यायला.

त्याच आठवड्यात अहवालात एक ओळ सापडली. आमच्या नावानं रोज पहाटे कुठूनतरी एक मेल निघत होता. त्याला ना मोहोर, ना यादीत नाव. मी म्हटलं, सापडला चोर! तो म्हणाला, “थांबा.” मालकांना विचारलं, मला विचारलं, मग शेडमागं जाऊन शीतगृहाच्या मशीनवर लिहिलेला नंबर बघून त्या कंपनीला फोन केला. तो चोर नव्हता. ते आमचं शीतगृहच होतं. आतली थंडी कमी झाली की ते यंत्र कंपनीमार्फत, पण आमच्या नावानं, मालकांना आणि मला मेल करायचं. रोज पहाटे ‘सगळं ठीक’ म्हणूनही करायचं. तो ‘सगळं ठीक’ मी कित्येक महिने न वाचता पुसत होतो. पहिल्याच दिवशी दार लावलं असतं, तर एखाद्या दिवशी ते यंत्र ओरडलं असतं, त्याचं ओरडणं दारातून परत गेलं असतं आणि वर्षाचा गर आत वितळून पाणी झाला असता.

त्यानं शीतगृहाचं नाव यादीत घातलं. मग आणखी थोडे दिवस बघितलं आणि मग दार लावलं. खोटे मेल वाटेतच मागं फिरू लागले. ऑर्डरी हळूहळू परत आल्या, शेडची दुसरी बाजूही सुरू झाली. त्या दिवशी बायांनी त्याला सीताफळांची पिशवी दिली. मला कुणी दिली नाही, आणि ते योग्यच होतं.

त्यानंतर रोज सकाळी त्याचा फोन. अहवाल त्याच्याकडंही जायचा, तरी मला वाचायला लावायचा. “काका, आज कोन परत गेलं?” मी चष्मा लावून वाचायचो. “सगळे चोरच दिसतात.” “नीट बगा. एखांदा आपला असंल.” असं वर्षानुवर्षं. चोर किती अडले याचं कौतुक त्याला कधीच नव्हतं.

आमच्या घरीही जेवायला यायचा. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तेल वरून. एकदा बायकोला म्हणाला, “काकू, फोनवर हल्ली आवाज बी खोटा काढत्यात. तुमी दोगं एक खूण ठरवून ठिवा.” ती म्हणाली, “मला कशाला खूण? हे खोकले की वळखते मी.” तो हसला. “तरी ठरवा.” आम्ही ठरवू म्हटलं.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई रडत होती. “मी शिरूरवरून बोलते. दादा गेला. तुमी या.”

आता माझी तयारी बघा. इतक्या वर्षांची शिकवण. अनोळखी नंबर, घाबरवणारी बातमी, लगेच या. माझ्या तोंडून निघून गेलं, “खूण काय?”

पलीकडचं रडणं थांबलं. मला वाटलं, फोन ठेवला.

“खूण?” ती म्हणाली. “चा पिता पिता फोन लावायचा ना त्यो तुमाला. काका, आज कोन परत गेलं म्हनून?”

काही झालं तर या नंबरला लाव, असं त्यानं बहिणीला सांगून ठेवलं होतं.

गाडीवर असताना त्याच्या छातीत कळ आली होती. लोकांनी सांगितलं, रस्त्याच्या कडेला गाडी नीट स्टँडवर लावली होती, हेल्मेट आरशाला अडकवलं होतं आणि लिंबाखाली टेकून बसला होता, रस्त्याकडं तोंड करून. कुणीतरी यायचं असल्यासारखा.

मी शिरूरहून परत आलो, अंघोळ केली आणि बायकोला सगळं सांगितलं. त्याच्या बहिणीकडं मी खूण मागितली, तेही सांगितलं. मला वाटलं, आता दोन दिवस बोलणार नाही. ती भाकरी थापत होती. हातातली तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“आपली खूण ठरवायची ऱ्हायलीच,” ती म्हणाली. “ठरवू आज. पर एक ऐका. मला कवा आठवली न्हाई, तरी या.”