करवंदीच्या जाळीपलीकडची मामी

भास, भुतं, स्वप्नात कुणी येणं... असल्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. शहापूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. अकरावी-बारावीची पोरं असं काही विचारायला लागली की पहिली गप्प करणारी मीच. तरीही हे लिहितेय. कुणाला पटलं नाही तर माझा राग नाही.

मार्च महिना होता. मुरबाडहून म्हसा गावाकडे जाताना आत वळलं की माझ्या मामाचं घर लागतं. दिवाळीच्या आधी मामी गेली आणि तिची सतरा वर्षांची मुलगी, प्रतीक्षा, बोलायचीच थांबली. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही... वाट बघा.

मी तेव्हा जुन्या परीकथा कॉलेजच्या मुलांसाठी नव्यानं लिहीत होते. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट घेतली होती — पण मला राजपुत्र नको होता. झोपलेल्या मुलीचा कुणीतरी परका येऊन मुका घेतो, हे आजच्या मुलींना कोणत्या तोंडानं सांगू? मग तिला उठवणार कोण? तिथंच गाडी अडली होती.

त्या दुपारी मामा तापानं फणफणून आत झोपला होता. आम्ही दोघी बांधावर मोहाच्या सावलीत बसलो. मी तिला लिहिलं होतं तेवढं वाचून दाखवलं.

"सांग ना, हिला कोण उठवेल?"

ती माझ्या खांद्याला टेकली. मोहाची फुलं टपटप पडत होती, त्यांचा तो गोड, जड वास... डोळा कधी लागला कळलंच नाही.

स्वप्नात मी करवंदीच्या जाळीतून चालत होते. सगळीकडे पांढरी फुलं. मी हातांनी काटे बाजूला करतेय आणि माझी ओढणी धरून मागून प्रतीक्षा येतेय. जाळीपलीकडे खाट, खाटेवर झोपलेली मुलगी — तीही प्रतीक्षाच! उशाशी मामी, पदर खोचलेला. तिनं वाकून मुलीचा गाल थोपटला.

"ऊठ गो. बापाला उठव."

"बाबा!"

मी दचकून उठले. ही हाक स्वप्नातली नव्हती. प्रतीक्षा ओरडत घराकडे धावत होती. घराच्या मागून धूर निघत होता... चुलीतली ठिणगी पडवीतल्या पेंढ्यावर उडाली होती. मामाला दोघींनी धरून बाहेर काढलं तोवर पडवीनं पेट घेतला. शेजारी धावले म्हणून घर वाचलं.

झोपेत धुराचा वास आला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण वारा तर उलट्या दिशेनं वाहत होता. शिवाय संध्याकाळी हात धुताना झोंबलं, म्हणून पाहिलं — दोन्ही हातांवर ताजे ओरखडे. त्या बांधावर करवंदीचं एक झुडूप नाही. मी प्रतीक्षाचे हात ओढून बघितले. एकही ओरखडा नव्हता.

"मला कसे लागतील, ताई?" ती म्हणाली. "पुढं तू होतीस ना. मी तुझ्या मागून आली."

मी तिला स्वप्नातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

यावर मी खूप विचार केलाय, जाणत्या माणसांशी बोललेय. उत्तर नाही. त्या संध्याकाळी मात्र मला एकच विचारावंसं वाटलं.

"आई कशी दिसली गं तुला?"

प्रतीक्षानं जरा आठवलं.

"घाईत होती," ती म्हणाली. "बसायला पण टाइम नाय तिला."