रणगाड्यापुढचा खलाशी

गोपिकाबाई रामटेके वस्तीच्या चौकात उभ्या राहून नव्या बोर्डाकडे बघत होत्या आणि त्यांचा पारा चढत चालला होता. नाव बरोबर होतं, ‘शहीद चंद्रभान रामटेके चौक’. नावाखाली मात्र भलताच माणूस होता. अंगात हिरव्या ठिपक्यांचा गणवेश, हातात बंदूक, ओठांवर झुपकेदार मिशा आणि मागून धुरळा उडवत येणारा रणगाडा. चेहरा तेवढा त्यांच्या नवऱ्याचा. तोही मिशांमुळे चुलतसासऱ्यांसारखा दिसत होता.

“कसा वाटला, काकू?” वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष रुपराव मोठ्या हौसेनं शिडीवरून खाली उतरले.

“हा कोण होय गा, रुपराव?”

“काका होय ना! दुसरा कोण राहीन?”

“तुझे काका बोटीवर होते. रणगाडा त्यायनं जन्मात पाह्यला नाही. इथं कुठून आणला?”

“आता शहीद म्हटलं का लोकायच्या डोळ्यापुढं असंच येते, काकू.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

हे दरवर्षीचंच होतं. एकाहत्तरच्या लढाईत चंद्रभानची बोट शत्रूनं बुडवली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. माघारी काहीच आलं नाही. ना माणूस, ना टोपी. पुढं बाईंना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. भलत्याला भलत्याशी जोडून दिलेलं त्यांना कधी खपलं नाही, आणि तोच स्वभाव निवृत्तीनंतरही राहिला. डिसेंबर आला की वस्तीतले लोक त्यांना मंचावर बसवत, शाल पांघरवत, आणि कुणीतरी माईक हातात घेऊन म्हणे, “सीमेवर लढता लढता…” बाई बसल्या जागेवरून म्हणत, “सीमेवर नाही, समुद्रात.” वक्ता मान डोलवी आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सीमेवर जाई. शालींनी एक ट्रंक भरली, पण चंद्रभान काही समुद्रावर पोचला नाही.

आणखी एक प्रश्न ठरलेला असे. “काकू, काकाले पोहता येत नव्हतं का?”

त्यावर बाई अशा उसळत की विचारणारा दोन पावलं मागे सरे. “कन्हान नदीच्या पुरात पोहणारा माणूस होता तो! इंजिनात काम होतं त्याचं, बोटीच्या पोटात. घर खचून राह्यलं आन् तू आतल्या खोलीत असला, तं कुठं पोहशीन?”

ही सगळी बोलणी हवेत विरून जात. बोर्डाचं तसं नव्हतं. उद्या दहा वाजता पाहुणे पडदा ओढणार, आणि मग येणारा-जाणारा हाच मिशीवाला चंद्रभान म्हणून ओळखणार. बाईंच्या मागे सांगायलाही कुणी उरणार नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

“मी फोटो देल्ला होता तो कुठी आहे?”

रुपरावांनी पिशवीतून फोटो काढून दिला. पांढरा गणवेश, पाठीवर रुळणारी निळी कॉलर, गोल टोपी. शेवटच्या सुट्टीत सीताबर्डीच्या स्टुडिओत काढलेला. मागच्या पडद्यावर बाग रंगवलेली आणि बाजूला गुलाबाची कुंडी. अथांग समुद्रावर फिरणारा हा मुलगा त्या कुंडीपाशी अगदी ताठ उभा होता.

“हाच काहून नाही लावला?”

रुपराव जरा घुटमळले. “खरं सांगू का? राग नका धरू. मंडळातले लोक म्हणे, हे तं बॅन्डवाले दिसून राह्यले. लोक हसतीन. शहिदाले हसलेलं बरं दिसते का, काकू?”

बाई हातातल्या फोटोकडे बघत राहिल्या. रुपरावांना वाटलं, लागलं म्हातारीला. पण बाईंच्या डोळ्यांपुढं भलतंच काही आलं होतं.

चंद्रभान त्यांना बघायला आला तो याच गणवेशात. घरचे लोक अदबीनं बसले होते. आजोबांना कमी दिसे. त्यांनी त्याला जवळ बोलावून कॉलर चाचपली आणि विचारलं, “पोरा, बाजा कुठी ठेवला?” चंद्रभान गंभीरपणे म्हणाला, “दुरुस्तीले टाकला, बाबाजी.” आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली गोपिका सगळ्यांदेखत खो-खो हसली. आईनं चिमटा काढला. सोयरीक मोडली असंच सगळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘जी पोरगी मले हसली, तीच पाहिजे.’

“हसू दे,” बाई म्हणाल्या. “चाल, बोर्डाच्या दुकानात चाल.”

“आता? काकू, विधानसभेचं अधिवेशन सुरू आहे. फ्लेक्सवाल्यायले पाणी प्यायले फुरसत नाही.”

“मंग मी नाही येत उद्या. त्या मिशीवाल्याची बायको शोध आन् तिले शाल दे.”

सक्करदऱ्यातल्या त्या दुकानात जमिनीवर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फ्लेक्स वाळत पडले होते. ते ओलांडत दोघं आत गेले. संगणकावर बसलेल्या रितिकानं आधी नाहीच म्हटलं. बाई स्टूल ओढून बसल्या. बराच वेळ हलल्या नाहीत, तेव्हा तिनं हात पुढं केला.

“द्या आजी फोटो. मागं जहाज टाकते, छान वाटेल.”

पडद्यावर जहाज आलं. त्यावर पोहण्याचा तलाव आणि रंगीत छत्र्या होत्या.

“हे सहलीचं होय,” बाई म्हणाल्या.

मग शिडांचं आलं. “हे राजामहाराजाच्या टायमाचं होय.”

“मग कसं टाकू? आमच्या इथं कुणी जहाज मागतच नाही ना, आजी!”

“बोट नको टाकू. बोट बुडाली वं, माय. आता कायले काढून राह्यली? तो आहे तसा राहू दे.”

“कुंडी तरी कापते.”

“कुंडीले हात नको लावू.”

रितिकानं फोटो मोठा केला. निळी कॉलर, गोल टोपी, कुंडी. तिच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं पटकन ओढणी तोंडावर धरली. “सॉरी, आजी.”

“सॉरी काहून? मीबी हसली होती,” बाई म्हणाल्या, आणि दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे तासभर उशिरा आले. पडदा ओढला. पाहुण्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग रुपरावांकडे पाहिलं. रुपराव आभाळाकडे बघू लागले. टाळ्या जरा चाचरतच पडल्या. मग पाहुण्यांनी माईक घेतला. “सीमेवर लढता लढता…”

“समुद्रात!” बाई ओरडल्या.

“समुद्राच्या सीमेवर,” पाहुणे सावरून म्हणाले.

बाईंनी हात टेकले. तेवढ्यात मागे बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “काहून वं, हे बॅन्डमध्ये होते का?” आणि खसखस पिकली. रुपराव डोळे वटारून मागे वळले. बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना अडवलं.

“राहू दे गा,” त्या म्हणाल्या, “बाजा दुरुस्तीले टाकला आहे.” रुपरावांना काहीच कळलं नाही. बाई मात्र नवी शाल तोंडावर धरून, पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच, खो-खो हसत होत्या.