बाईंचा घसा आणि दोन वर्ग

बाईंचा आवाज असा खणखणीत, की त्या असताना घंटा कशाला हवी, असं शिपाईमामा म्हणायचे. सकाळी पहिलीची पोरं, दुपारी नववीचं गणित. दोन्हीकडे एकच उपाय: बाई कडाडल्या की वर्ग चिडीचूप.

मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "काही महिने बोलणं बंद. ओरडणं तर विसराच."

नवरा म्हणाला, "रजा घे."

बाईंनी पाटीवर लिहिलं, "घरी बसून भिंतींना शिकवू?"

पहिल्याच सकाळी पहिलीनं त्यांच्या नाकी नऊ आणले. दोघं बाकाखाली, एकीचं भोकाड, बाकीचे नळावर. घरी येऊन बाई रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दारातच उभ्या राहिल्या. आधी स्वतः करून दाखवलं: दप्तर खुंटीला, बाटली खिडकीत, मग चटईवर. जो चुकला तो हसत परत दाराशी. बाईंनी तळहात वर केला की सगळ्यांनी करायचा आणि तोंड मिटायचं. कितीतरी दिवस हेच चाललं.

"बाई, अक्षरं कधी?" हेडमास्तर कुरकुरले.

बाईंनी लिहिलं, "आधी बसू तर देत."

पोरं बसायला लागली, तशी अक्षरंही आली.

नववीत मात्र तळहात वर करताच मागच्या बाकावरची उंच मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" वर्ग खिदळला. बाईंना संताप आला, पण तो गिळण्याखेरीज इलाज नव्हता. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "बरोबर आहे. मग तुम्हीच सांगा, तास कसा सुरू करायचा?"

असं त्या पोरांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. बऱ्याच चुळबुळीनंतर तीच मुलगी म्हणाली, "आम्ही यायच्या आधी फळ्यावर एक गणित लिहून ठेवा. आल्या आल्या सोडवायला बसू."

आठवडाभर छान चाललं, मग ढेपाळलं. बाईंनी गणिताखाली लिहिलं, "हे तुमचंच ठरलेलं." उंच मुलीनं शेजाऱ्यांवर डोळे वटारले.

पुढे आवाज परतला, जरासा घोगरा. एका सकाळी पहिलीत रंग सांडले आणि जुन्या सवयीनं बाई ओरडल्या. पोरं दचकली. जवळचा एक चिमुरडा हळूच उठला, त्यांचा पदर धरून म्हणाला, "बाई, कुठं दुखतंय का?"

बाई त्याच्याशेजारी चटईवर बसल्या. "नाही रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चल, फडकं आण. पुसून टाकू."