बिनविरोध

१२ जानेवारी १९७१, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे: माझ्या वहीतील नोंदीनुसार या क्षणी आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या, विरोधात आयुष्यात पहिल्यांदा हात वर झाला. तोपर्यंत चाकणपासून देहूरोडपर्यंत त्यांच्याइतका बिनविरोध माणूस शोधून सापडला नसता. आबा आमच्या गावचे न्यायपंच. आसपासच्या गावांची मिळून एक न्यायपंचायत असे, आणि कोणाची शेळी कोणाच्या रानात शिरली, कोणी कोणाला काय शिवी दिली, असले खटले ती चालवी. गावचा न्यायपंच ग्रामपंचायतीचे नऊ सदस्य हात वर करून निवडत. १९६२ पासून दोन्ही निवडणुकांत ते नऊही हात आबांसाठी वर झाले होते. कारण आदल्या संध्याकाळी आबा संभाव्य प्रतिस्पर्ध्याच्या ओट्यावर जाऊन बसत आणि निवडणुकीचा शब्दही न काढता त्याच्या बैलांची इतकी स्तुती करीत, की तो ओशाळून माघार घेई.

हे निवडणुकीपुरतेच असते, तर मी हसून सोडून दिले असते. पण न्यायपंचायतीचे अध्यक्ष झाल्यावर निकालही बिनविरोधच लागला पाहिजे असा आबांनी हट्ट धरला. वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही पटल्याखेरीज ते निकाल लिहीत नसत. एका शेळीचा खटला त्यांनी अकरा महिने चालवला. अखेर शेळीच मेली, आणि चूक सर्वस्वी तिचीच होती यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले. 'निकाल बिनविरोध', आबांनी दप्तरात ठसठशीत अक्षरांत लिहिले. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पिंपरीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दोन वजनांत फरक आला तर चूक शोधायची असते, दोन्ही वजनांची समजूत काढायची नसते, हे मी त्यांना अनेकदा ऐकवले. "पोरी," ते म्हणत, "तुझ्या वजनांस्नी उद्या एकमेकांच्या बांधावरनं जायचं नसतं."

मग ग्रामपंचायतीच्याच एका सदस्याने आपल्या रानात पत्र्याची शेड टाकली आणि कंपन्यांच्या सुट्या भागांना मुलामा देण्याचे काम सुरू केले. वापरलेले आम्ल एका नालीतून ओढ्यात जाई आणि ओढ्यातून खालच्या आळीच्या विहिरीत झिरपे. मी त्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेऊन सामू मोजला. सात म्हणजे पाणी ना आम्ल, ना आम्लारी. आकडा जितका खाली, तितके आम्ल अधिक. विहिरीचा आकडा आला ४.६. खालच्या आळीतल्या एका बाईच्या तान्ह्या नातवाच्या अंगावर पुरळ उठले होते. तिने खटला भरला. मी आकडे पुढे ठेवले. आबांनी शेडवाल्याला अदबीने विचारले, तुला हे पटतं का? शेडवाल्याला पटले नाही. तारीख पडली. अशा पाच तारखा पडल्या आणि ते मूल तेच पाणी वापरत राहिले. पंचायतीच्या बहुतेक सदस्यांच्या घरी नदीचे पाणी येत होते, तेव्हा घाई कोणालाच नव्हती. तुम्हाला न्यायापेक्षा नऊ हात प्यारे आहेत, असे मी आबांना तोंडावर सांगितले. त्यांनी पुढची तारीख दप्तरात लिहायला घेतली, हे मला अधिकच संतापजनक वाटले.

सहाव्या तारखेला ती बाई विहिरीचे पाणी तांब्यात घेऊन आली. "आबा, आमच्या आळीत पाणी बिनविरोध आंबट हाय," ती म्हणाली. "एकानंबी ग्वाड म्हणलं न्हाई."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि दप्तर पुढे ओढले. शेडवाल्याने आवाज खाली आणून, इलेक्शन तोंडावर आहे, अशी आठवण करून दिली.

"व्हय," आबा म्हणाले, "म्हणून तर आजच लिवतो."

शेडवाल्याला दंड झाला, नाली बुजवण्याचा हुकूम निघाला, आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या माणसासाठी सहा हात वर झाले. आबांच्या बाजूला तीन. इथेही या गृहस्थांनी मला नीट संतापू दिले नाही. त्यांनी मागे वळून आपल्या तिघांना सांगितले, "तुमीबी तिकडंच करा रं. गावाचं बिनविरोध मोडू नगा." सरकारी कागदावर त्यांचा पराभवही बिनविरोध लागला. मी माझ्या वहीत लिहिले: सहा विरुद्ध तीन.

त्यानंतर दर रविवारी मी विहिरीवर बाटली भरायला गेले, की आबा काठी टेकीत तिथे हजर असत. मागच्या बाटलीचा आकडा विचारीत. ५.१. ५.७. पुढच्या वर्षी ६.३. सातचा अर्थ मी त्यांना पुन्हा एकदा समजावला, तेव्हा त्यांनी काठीवर भार देऊन विहिरीत डोकावले. "म्हंजी आम्लाचं न्हाई, त्या दुसऱ्याचंबी न्हाई," ते म्हणाले. "मग बिनविरोधच की."

१९७३ च्या मार्चमध्ये ते पिंपरीच्या दवाखान्यात होते. मी प्रयोगशाळेतून परस्पर तिथे गेले. डोळे मिटलेले होते, पण पावलांवरून त्यांनी मला ओळखले.

"सात झालं का?"

"झालं, आबा."

"बिनविरोध?"

"बिनविरोध," मी म्हणाले. त्यांनी माझा हात एकदा थोपटला आणि ते झोपी गेले. त्या विहिरीची बाटली मी पुन्हा भरली नाही. वहीत मात्र त्या सकाळचा आकडा होता तसाच लिहिला आहे: ६.८.