कुंकवाखालचा आकडा

धायरीतल्या आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करायला आलेला तो मेकॅनिक पाऊण तास नुसता मशीनभोवती फिरत होता. दारात ट्रक खोळंबलेला, माझं डोकं तापलेलं.

"अहो, माल उचलला की मागची चाकं वर उचलली जातात, एवढंच! मग मी आणि वॉचमन मागे बसतो, वजनाला," मी वैतागून सांगितलं.

चष्मा कपाळावर सरकवून त्याने मशीनवरची पत्र्याची पाटी नखाने खरवडली. दर दसऱ्याला आम्ही तिलाच हळदकुंकू फासायचो. थर निघाला आणि आकडा दिसला. कमाल वजन दोन टन. आम्ही रोज तीन उचलत होतो.

रुमालाला बोट पुसत तो म्हणाला, "पूजा दरवर्षी करता, पाटी मात्र वाचत नाही. मग आजवर वाचलात कसे?"